लग्न झालं म्हणून अनुकंपा यादीतून लेकीचं नाव काढता येतं का?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. वडील राज्य सरकारच्या एका कार्यालयात मोजणीदार होते, २०१८ मध्ये नोकरीत असतानाच गेले. आई सततची आजारी, धाकटा भाऊ तेव्हा शाळेत. आई-भावाचं संमतीपत्र जोडून ताईंनी त्याच वर्षी अनुकंपा नोकरीसाठी, म्हणजे दिवंगत कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला मिळणाऱ्या नोकरीसाठी, अर्ज केला आणि नाव प्रतीक्षासूचीत लागलं. २०२१ मध्ये त्यांचं लग्न झालं, सासर कराडचं. आता नंबर जवळ आला तेव्हा कार्यालयाचं पत्र आलं: "आपला विवाह झालेला असल्याने आपण दिवंगत कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या सदस्य राहिलेल्या नाहीत. सबब आपले नाव प्रतीक्षासूचीतून वगळण्यात येत आहे." ताई विचारतात, याविरुद्ध हायकोर्टाचा निकाल आहे म्हणतात, तो कोणता? दाद कुठं मागायची? आणि लग्न झाल्याचं कळवायलाच नको होतं का?

ताई, हे पत्र टिकणारं नाही. पण ते पाडलं म्हणजे नोकरी लागली, असंही नाही. सांगलीत सेवाविषयक खटले चालवताना मी पाहतो की पक्षकार निकालाची झेरॉक्स घेऊन येतात आणि कोर्टात वाद भलत्याच मुद्द्यावर अडतो. म्हणून आधी निकाल आणि मग तो मुद्दा.

तुम्ही ज्याबद्दल ऐकलंय तो निकाल मुंबई हायकोर्टाचा, २०११ चा, आणि प्रकरण आपल्या सांगलीतलंच. ताकारी-म्हैसाळचं पाणी ज्या योजनेतून येतं त्या कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्पाच्या इथल्या कार्यालयाविरुद्ध एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या मुलीने आणि त्याच्या पत्नीने रिट (थेट हायकोर्टातली याचिका) केलं होतं. मुलीने अर्ज केला तेव्हा ती अविवाहित होती, पुढे लग्न झालं, आणि लग्नाचं कारण दाखवून नोकरी नाकारली गेली. तेव्हाच्या शासन निर्णयात 'अविवाहित मुलगी' असे शब्द होते, त्यामुळे कार्यालयाला वाटलं आपण नियमानेच चाललोय. हायकोर्टाने म्हटलं, केवळ लग्न झालं म्हणून मुलीला नाकारणं हा भेदभाव आहे, तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, १५ आणि १६ मध्ये बसत नाही. दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, पुण्याच्या पाटबंधारे प्रकल्प मंडळाविरुद्धच्या प्रकरणातही हायकोर्टाने हाच धागा पुढे नेला: लग्न झालेला मुलगा चालतो आणि लग्न झालेली मुलगी चालत नाही, या भेदाला काही आधार नाही.

या युक्तिवादातली मेख नीट समजून घ्या. पुढे कामाला येईल. अनुच्छेद १६ (२) सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास एवढ्या कारणांवरून सरकारी नोकरीत कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. यात विवाह नाही. सरकारी वकील हमखास इथंच बोट ठेवतात: आम्ही बाई म्हणून नाकारलं नाही, विवाहित म्हणून नाकारलं, मग लिंगभेद कसला? उत्तर सोपं आहे. तुमच्या जागी तुमचा भाऊ यादीत असता आणि २०२१ मध्ये त्याचं लग्न झालं असतं तर हे पत्र निघालं असतं का? निघालं नसतं. उलट घरात सून आली, खाणारी तोंडं वाढली म्हणून त्याच्या अर्जाला जोरच आला असता. म्हणजे लग्न ही अट कागदावर दोघांनाही सारखी दिसली तरी तिचा फटका एकटीला बसतो, आणि तो ती मुलगी आहे म्हणूनच बसतो. हा भाऊ-बहिणीचा प्रश्न कोर्टात विचारला की समोरच्या बाजूकडे सांगण्यासारखं फार उरत नाही.

हा विचार २०११ साली अचानक उगवलेला नाही. परराष्ट्र सेवेच्या नियमांत एके काळी असं होतं की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क असणार नाही. १९७९ मध्ये सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांना चांगलंच धारेवर धरलं. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणात काढून टाकण्याचा नियम सुप्रीम कोर्टाने रद्द केला. आणि आत्ता-आत्ता, २०२४ मध्ये, लग्न केलं म्हणून सैन्यातून काढलेल्या परिचारिका अधिकाऱ्याला ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. अनुकंपेबाबत बोलायचं तर अलाहाबाद हायकोर्टाने २०१५ मध्ये आणि कर्नाटक हायकोर्टाने २०२० मध्ये आपापल्या राज्याच्या नियमांतला 'अविवाहित' हा शब्दच उडवला. पंचेचाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली जातेय, आणि तरी तालुक्याच्या कार्यालयात तेच पत्र टाईप होतं.

तुमच्या बाबतीत तर हायकोर्टापर्यंत जायचीही गरज पडायला नको होती. या निकालांनंतर महाराष्ट्र सरकारने स्वतःच धोरण बदललं. २६ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने विवाहित मुलीला आधी काही अटींवर दार उघडलं. पुढे २१ सप्टेंबर २०१७ रोजी अनुकंपेचे सगळे जुने आदेश एकत्र करून जो जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला, त्यात पात्र कुटुंबीयांच्या यादीत मुलगा आणि मुलगी यांच्यापुढे 'अविवाहित/विवाहित' असं स्पष्ट छापलेलं आहे. तुमचे वडील त्यानंतर गेले. म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दिवशी धरा, तुमच्या अर्जाच्या दिवशी धरा किंवा लग्नाच्या दिवशी धरा, विवाहित मुलगी पात्रच होती. पत्र लिहिणाऱ्याने बहुधा १९९४ च्या जीआरची जुनी फाईल पुढ्यात घेतली असावी. असं होतं. मास्टर फाईलमध्ये नवा जीआर सगळ्यात वर लावायचं कुणाच्या तरी हातून राहून जातं, आणि वर्षभर सगळे त्याच्या खालचाच कागद वाचत राहतात.

आता तो मुद्दा, जिथं खरी लढाई होते.

२०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात विवाहित मुलीच्या विरुद्ध निकाल दिला आहे. आई सरकारी नोकरीत असताना वारली, आणि मुलीला अनुकंपेवर घ्या असा आदेश मॅटने, म्हणजे राज्य कर्मचाऱ्यांच्या सेवेचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, दिला होता, हायकोर्टाने तो कायमही केला होता. सुप्रीम कोर्टाने दोन्ही आदेश रद्द केले. कारणं दोन: विवाहित मुलगी आईवर अवलंबून होती असं म्हणता येत नाही, आणि मृत्यूला बरीच वर्षं लोटली आहेत. त्यामागे सुप्रीम कोर्टाची १९९४ पासूनची भूमिका आहे. अनुकंपा हा वारसाहक्क नव्हे, कमावता माणूस गेल्यावर घर उघड्यावर पडू नये म्हणून सर्वांना समान संधी या तत्त्वाला केलेला तो अपवाद आहे. सरकारी वकील हा निकाल पहिल्याच तारखेला टेबलावर ठेवतील. तेव्हा फक्त भेदभाव, भेदभाव म्हणत राहिलात तर न्यायमूर्ती विचारतील, "ते ठीक आहे, पण घर चालतंय कुणावर?"

तुमची बाजू इथं त्या प्रकरणापेक्षा भक्कम आहे, पण ती मांडावी लागेल. वडील गेले तेव्हा तुमचं लग्न झालेलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही, आई आणि भाऊ तिघंही त्यांच्याच पगारावर होतात, यात वाद होऊच शकत नाही. उशीर झाला म्हणावं तर अर्ज त्याच वर्षी गेलाय. पुढची वर्षं गेली ती सरकारच्या यादीत, तुमच्या आळसात नव्हे. राहिला प्रश्न आजचा: आई आणि भाऊ आज कुणाकडे बघतात? याचं उत्तर प्रतिज्ञापत्रातल्या गोड वाक्यांनी देऊन भागत नाही, कागद लागतो.

इथं रेशनकार्ड घात करतं. लग्नानंतर सासरच्या कार्डात नाव घालायचं म्हणून माहेरच्या कार्डातून कमी करतात, तो दाखला घेतात, आणि तीच तारीख कार्यालय पुढे तुमच्याविरुद्ध वापरतं: बघा, अमुक तारखेपासून या कुटुंबात नाहीत. त्याने घाबरू नका. रेशनकार्ड धान्य कुठं मिळतं ते सांगतं, आईचं औषध कोण आणतं ते सांगत नाही. ते दाखवायला तुमच्या खात्यातून आईच्या खात्यात दर महिन्याला गेलेल्या रकमांचं पासबुक काढा. आईच्या औषधांची बिलं, त्यावर पैसे कुणी भरले ते. भावाच्या कॉलेजच्या फीच्या पावत्या. घर भाड्याचं असेल तर करारनामा. आई वर्षातले काही महिने कराडला तुमच्याकडे असतात असं तुम्ही लिहिलंय, मग तिथल्या दवाखान्याचे कागद फार मोलाचे. यजमानांचं उत्पन्न लपवू नका. ते विचारलं जाणारच. त्यांचा पगार जेमतेम असेल तर तोच तुमचा पुरावा आहे.

कार्यालय म्हणेल, आईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतंय ना! त्यावर २०१५ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की निवृत्तिवेतन आणि मृत्यूनंतरचे लाभ मिळाले एवढ्यावरून अनुकंपा नाकारता येत नाही. पण रकमेचा आकडा कोर्ट बघतंच. पीपीओची (निवृत्तिवेतनाच्या आदेशाची) प्रत जोडा आणि त्यातून महिन्याचा खर्च कसा भागत नाही ते सरळ हिशोबाने दाखवा.

दुसरी एक जमेची बाजू आहे. सरकारी आदेश हा त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहतो किंवा पडतो. कोर्टात आल्यावर प्रतिज्ञापत्रातून त्याला नवी कारणं जोडता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल यांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. तुमच्या पत्रात कारण एकच आहे, विवाह. तुमची चौकशी केली, उत्पन्न तपासलं, असं त्यात एक अक्षर नाही. म्हणून ते पत्र जपा, आणि ते ज्या पाकिटातून आलं तेही. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख मुदत मोजताना लागते.

एक आगाऊ सल्ला, तुम्ही विचारला नसला तरी. अशा वेळी कार्यालयात कुणीतरी आपुलकीनं सांगतं, "ताई, कशाला कोर्टकचेऱ्या? तुमचं नाव सोडा, भावाचं घाला, तो आता अठराचा झालाय." सांगणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. पण त्यासाठी जो हक्कसोडीचा अर्ज लिहून घेतात तो दिलात की तुमचा वाद संपला. यादीतलं नाव बदलायला २०१५ च्या जीआरने मनाई केली होती, ती हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२४ मध्ये अयोग्य ठरवली, त्यामुळे भावाचा पर्याय आता आहे. तो घ्यायचा की नाही हे आई, तुम्ही आणि भाऊ बसून ठरवा. भाऊ शिकतोय आणि घर तुम्ही सांभाळताय असं असेल तर माझं मत विचाराल तर नाव सोडू नका. अनुकंपेची फाईल बघणाऱ्यांच्या मनात एक वाक्य पक्कं बसलेलं असतं, "लेकीचा पगार जावयाच्या घरात जाणार." फाईलवर ते कुणी लिहीत नाही, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही. मुलाचा पगार आईकडेच जातो याची खात्री मात्र सगळ्यांना असते! कुटुंबाचा सांभाळ करीन असं हमीपत्र नेमणूक घेणाऱ्याकडून लिहून घेतलं जातं ना, मग ते मुलीच्या बाबतीत पुरेसं का नाही?

आता दाद कुठं मागायची. वडील राज्य सरकारचे कर्मचारी होते, त्यामुळे थेट हायकोर्टात जाता येणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या चंद्रकुमार निकालापासून पहिली पायरी न्यायाधिकरणाची, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आपण ज्याला मॅट म्हणतो ते. आपल्यासाठी मुंबईचं पीठ. मॅटच्या निर्णयाविरुद्ध मग हायकोर्ट. वडील जिल्हा परिषदेत असते तर गोष्ट वेगळी होती. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्या वारसांनी रिट करायचं. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. ज्यांनी एका तारखेसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठलीय त्यांनाच या सोयीची किंमत कळेल. दुर्दैवाने तुमची पहिली पायरी अजून मुंबईतच आहे.

मुदत एक वर्ष, अंतिम आदेशापासून. इथं लोक फार फसतात. पत्र आलं की अर्ज करतात, मग स्मरणपत्र, मग आमदारांचं शिफारसपत्र, मग पुन्हा स्मरणपत्र, आणि दोन वर्षांनी वकिलाकडे येतात. अर्जावर अर्ज केल्याने मुदत वाढत नाही, असं सुप्रीम कोर्टाने कितीदा तरी सांगितलंय. एकच निवेदन करा, सविस्तर. नियुक्ती प्राधिकाऱ्याला आणि प्रत वरच्या कार्यालयाला. त्यात २०१७ च्या जीआरचा दिनांक आणि हायकोर्टाच्या २०११ व २०१३ च्या निकालांचा उल्लेख करा, आवक क्रमांकासह पोच घ्या. बरीच प्रकरणं इथंच मिटतात, कारण चांगला कार्यालय अधीक्षक असेल तर नवा जीआर बघून साहेबांना सांगतो, की हे आपल्याच अंगाशी येईल. उत्तर आलं नाही तर थांबायचं किती याला कायद्यात सहा महिन्यांचा हिशोब आहे, पण तुम्ही तेवढ्यापर्यंत ताणू नका.

त्याच दिवशी माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रतीक्षासूचीची आजची प्रत आणि तुमचं नाव वगळण्याबाबतची टिपणी मागा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द असं बंधन आहे, तेव्हा कहाणी लिहू नका. टिपणी हातात आली की कळतं नाव कुणाच्या शेऱ्यावरून गेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लग्न झालेले किती मुलगे त्याच यादीत शांतपणे बसलेत तेही कधी कधी दिसतं. असं एक जरी नाव सापडलं तर भेदभावाचा मुद्दा पुस्तकातून उठून थेट त्या कार्यालयाच्या टेबलावर येतो.

मागणी काय करायची याचाही विचार हवा. नुसतं 'पत्र रद्द करा' म्हटलंत तर नाव पुन्हा यादीत येईल, पण तळाला. म्हणून मूळ क्रमांकावर, मूळ अर्जाच्या ज्येष्ठतेनुसार नाव पूर्ववत करा अशी स्पष्ट मागणी घ्या, आणि निकाल लागेपर्यंत तुमच्या अर्हतेची एक जागा रिकामी ठेवण्याचा अंतरिम आदेश मागा. वयाची पंचेचाळीस वर्षं झाली की नाव आपोआप कमी होतं. तुमच्या बाबतीत ते लांब आहे, पण यादी कशी सरकते ते तुम्ही पाहिलंच आहे. कोर्ट सहसा 'हिला नोकरी द्या' असं सांगत नाही. 'विवाहाचं कारण बाजूला ठेवून इतक्या आठवड्यांत नव्याने विचार करा' असं सांगतं. तो नव्याने विचार होईल तेव्हा अवलंबित्वाचे कागद फाईलवर असले पाहिजेत, म्हणून ते निवेदनालाच जोडा, कोर्टासाठी राखून ठेवू नका. ३१ डिसेंबर २००१ नंतर वडिलांना तिसरं अपत्य झालेलं असेल तर तो वेगळा अडसर आहे. तुम्ही दोघंच भावंडं, त्यामुळे तो प्रश्न तुम्हाला नाही.

लग्न कळवलंत ते बरोबरच केलंत. लपवून नेमणूक मिळाली असती तर पुढे कुणीतरी तक्रार केल्यावर खोटी माहिती दिली म्हणून विभागीय चौकशी लागली असती, आणि तिथं हायकोर्टाचा कुठलाही निकाल मदतीला आला नसता. तुम्हाला नोकरी लागली म्हणून आईंचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबत नाही, ही भीती त्यांच्या मनातून काढून टाका. तुमच्या पत्रात त्यांनी विचारलेली ती एक ओळ मी वाचली.